ती जागा कुणाची होती?

प्रिय मितू,

मंडळाच्या गणपतीहून परत येताना गाडीत तू मला विचारलेस, "आई, तुला इंजिनिअरिंगला मिळालेली जागा खरं तर दुसऱ्या कुणाची होती का?" जेवणाच्या रांगेत तुझ्या ओळखीच्या एका मुलाने तुला सांगितले होते की चांगले गुण असूनही कोट्यामुळे त्याच्या बाबांची जागा गेली, आणि आरक्षण मुळात दहाच वर्षांसाठी होते. इथे अमेरिकेत शाळेत नुकताच तुमचा हार्वर्डच्या निकालावर, म्हणजे कॉलेज प्रवेशात वंश बघायला सर्वोच्च न्यायालयाने केलेल्या मनाईवर, वाद झाला होता, त्यामुळे तुला हे नीट समजून घ्यायचे होते हे मला कळत होते. तरीही प्रश्न लागला. तेव्हा बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे. मराठी जड वाटेल तिथे बाबांकडून समजून घे.

परभणीचे घर तुला माहीत आहे. तुझ्या आजोबांचे, म्हणजे आबांचे, लोखंडी कपाट, त्यातली पुस्तके, भिंतीवरचा बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो हे तू पाहिले आहेस. पण माझा जन्म त्या घरातला नाही. मी जन्मले जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. आबांची आई, जिला आम्ही सगळे मोठी आई म्हणायचो, ती तरुणपणी गावाच्या विहिरीवर पाण्याला जायची ती विहिरीला हात लावायला नव्हे, तर लांब घागर ठेवून उभे राहायला. वरच्या घरची एखादी बाई आली आणि तिच्या मनात आले, तर ती आपल्या पोहऱ्यातले पाणी घागरीला पोहरा न लागू देता उंचावरून ओतायची. घाईत असली तर न ओतता निघून जायची. मोठी आई कधी मागत नसे, कारण मागितले की बोलणी खावी लागत. ती फक्त नजरेला पडेल अशा ठिकाणी उभी राहायची. माझ्या वेळेपर्यंत वस्तीत हापसा आला होता आणि लहानपणी मी तेच पाणी प्यायले, पण हापसा बिघडला की मोठ्या आईचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलेले आहे.

गावाची गोष्ट १९७८ साली संपली. त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी आपल्या लोकांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. मी चार वर्षांची होते. मला आठवते ते एवढेच की आईने धाकट्या राजाला, तुझ्या मामाला, कडेवर घेतले होते, मला हाताला धरले होते आणि शेतातून जाताना मी रडू नये म्हणून मधूनमधून माझ्या तोंडावर हात ठेवत होती. त्यानंतर आबांनी परभणीला खोली घेतली, आणि तिथून ते रोज सायकलवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जात. नामांतर प्रत्यक्षात झाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. तोवर मी औरंगाबादला दुसऱ्या वर्षात शिकत होते, त्यामुळे माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नवे नाव आहे. एका नावासाठी एवढे कशाला, असे तू एकदा विचारले होतेस. मला ते नाव तिथे हवे होते, याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

परभणीच्या शाळेत वर्षातून एकदा गुरुजी वर्गात म्हणायचे, "शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा." ते वाईट नव्हते, त्यांना फॉर्म भरून घ्यायचे होते. आम्ही सात-आठ जण उभे राहायचो, ते नावे लिहून घ्यायचे, आणि आम्ही खाली बसेपर्यंत सगळ्या वर्गाला आमची जात कळलेली असायची. त्या शिष्यवृत्तीच्या पैशातून माझ्या वह्या आल्या आणि पुढे वसतिगृहाचा खर्च निघाला, म्हणून मी ती नको होती असे कधीच म्हणणार नाही. पण जात सोडायची असेल तर आधी जातीचा दाखला काढावा लागतो, हे लहान वयात पचवणे कठीण असते. तहसीलच्या बाहेर आबांबरोबर मी त्या दाखल्यासाठी उन्हात उभी राहिले आहे.

थोरल्या काकांना तर ते कधीच पचले नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्म स्वीकारला, त्यानंतर आमच्या गावातही लोकांनी घरातले देव नदीत सोडले आणि ते बौद्ध झाले. परंतु केंद्र सरकारच्या १९५० च्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे हिंदू, आणि पुढे शीख, असेच धरलेले होते. बौद्धांचा त्यात समावेश झाला तो १९९० साली. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना आपल्या सवलती आधीच दिल्या होत्या, म्हणून आबांना जिल्हा परिषदेत अडचण आली नाही. थोरल्या काकांना मात्र पोस्टात लागायचे होते. अनेकांनी कागदावर हिंदू महार लिहिले आणि घरात बुद्धवंदना म्हटली, आणि पोटासाठी तसे करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. काका म्हणाले, जे सोडले ते पुन्हा लिहिणार नाही. मॅट्रिक झालेल्या त्या माणसाने परभणीच्या मोंढ्यात आयुष्यभर हमाली केली. आरक्षण म्हणजे फुकट मिळालेले काही, असे कुणी म्हटले की मला ते पोत्यांच्या थप्पीपाशी बसून वर्तमानपत्र वाचताना दिसतात.

आता तुझा प्रश्न. १९९२ साली कॉलेजच्या फलकावर प्रवेशाची यादी लागली. नाव, गुण आणि त्यापुढे प्रवर्ग. खुल्या यादीतल्या शेवटच्या मुलापेक्षा माझे गुण कमी होते, हे मी तुला स्पष्ट सांगते आणि ते सांगताना मला लाज वाटत नाही. गुण कमी होते त्याची कारणे तू आता स्वतः लावू शकशील: एका खोलीत सहा माणसे, शिकवणी नाही, आणि ज्यांना इंजिनिअर म्हणजे काय हे विचारावे असे घरात कुणी नाही. आत गेल्यावर मात्र प्रवर्ग संपला. उत्तरपत्रिका तीच, उत्तीर्ण व्हायचे गुण तेच. पहिल्या वर्षी माझा ड्रॉइंगचा विषय राहिला आणि शेवटच्या वर्षी मला प्रथम श्रेणी मिळाली. दोन्ही वेळी मला कुणी एकही गुण वाढवून दिला नव्हता. वसतिगृहातली माझी एक चांगली मैत्रीण मला प्रेमाने म्हणाली होती, "तू त्यांच्यातली वाटत नाहीस." ती आजही दिवाळीला फोन करते. ते वाक्य तिच्या लक्षात नसेल, माझ्या आहे.

त्या मुलाच्या बाबांचे दुःख मी खोटे मानत नाही. अठराव्या वर्षी थोडक्यात जागा हुकणे फार वाईट असते. पण तू गणितात हुशार आहेस, म्हणून हिशेब बघ. महाराष्ट्रात शंभर जागांपैकी अनुसूचित जातींसाठी तेरा असतात. त्या तेराही खुल्या केल्या, तरी आणखी तेराच मुले आत जातील. मात्र त्या शंभरासाठी अर्ज केलेल्या आणि बाहेर राहिलेल्या हजारो मुलांपैकी प्रत्येकाला वाटत राहते की त्या तेरांतली एक नेमकी आपली होती. आणि एक गोष्ट मला अजूनही टोचते. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली आणि त्यांत कितीतरी मुले कमी गुणांवर, देणगी भरून शिकली. ती जागा खरी कुणाची, असे त्यांच्या मुलांनी त्यांना विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

दहा वर्षांचे म्हणशील तर ती मुदत राज्यघटनेत आहे, पण ती लोकसभेतल्या आणि विधानसभांतल्या राखीव मतदारसंघांपुरती, आणि ती दर वेळी वाढवत आता २०३० पर्यंत नेली आहे. शिक्षण आणि नोकऱ्यांना ती कधीच लागू नव्हती. शिवाय आरक्षण काही राज्यघटनेने प्रथम आणलेले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. हे त्या मुलाला सांग, पण भांडू नकोस. त्याने घरात जे ऐकले तेच तो बोलतो आहे.

इतके सगळे लिहिल्यावर माझे सगळे ठरलेले आहे असे तुला वाटेल. तसे नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत एकोणसाठ जाती आहेत. बाबासाहेबांमुळे आपण आधी शाळेत गेलो, आणि आपल्याच वस्तीला लागून असलेल्या मातंग घरांतली मुले मागे राहिली. परभणीला माझ्याबरोबर पहिलीत असलेली, वाजंत्री वाजवणाऱ्या घरातली मुलगी चौथीनंतर शाळेत दिसली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करायला, म्हणजे मागे राहिलेल्या जातींना त्यातच वेगळा वाटा द्यायला, राज्यांना मुभा दिली, आणि अमरावतीच्या बौद्ध घरातून आलेल्या न्यायमूर्ती भूषण गवईंनी त्याच निकालात, ज्यांची घरे पुढे गेली त्यांना बाजूला काढावे, असेही मत मांडले. मला उपवर्गीकरण रास्त वाटते. दुसऱ्या मताबद्दल राजामामाचा आणि माझा फोनवर वाद झाला. मी म्हणाले, तुम्ही नवरा-बायको दोघेही अधिकारी, मग तुमच्या आर्याने खुल्या जागेवर अर्ज करायला काय हरकत आहे? तो म्हणाला, ताई, तू तिकडे बसून बोलतेस. पुण्यात बदली झाली तेव्हा त्याने पाहिलेल्या एका फ्लॅटच्या मालकाने अधिकारी म्हणून चहा पाजला, मग जातीचा अंदाज घेतला आणि दुसऱ्या दिवशी फ्लॅट दिला गेल्याचे कळवले. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आपल्या इथल्या घरापासून एका ट्रेनवर असलेल्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, आणि १९१७ साली बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले, तर त्यांना राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतूनही लोकांनी लाठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले. राजा म्हणतो, पगाराने हे जात नाही, मग पगार बघून सवलत काढायची कशी? तो मला पटतो. आणि फोन ठेवल्यावर पहिलीतली ती मुलगी आठवते, तेव्हा माझे म्हणणेही मला पटते. आर्याने काय करावे ते आर्या ठरवेल, पण याचे उत्तर मी तुला ठामपणे देऊ शकत नाही.

तुला आतापर्यंत जात सांगितली नाही, ती आम्ही दोघांनी विचार करून सांगितली नव्हती. तुझे बाबा म्हणायचे, एखादी तरी पिढी तिच्याशिवाय वाढू दे. इथे आल्यावरही कुणी विचारते, "जाधव म्हणजे सिंदखेडराजाकडचे का?" आणि बाबा शांतपणे सांगतात, "नाही, नांदेडकडचे." पुढचे विचारणारा कधी समजतो, कधी आणखी एक प्रश्न विचारतो. सिएटलने २०२३ साली जातिभेदाला बंदी घातली आणि कॅलिफोर्नियाच्या तशाच विधेयकावर गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर बरेच जण लिहीत होते की इथे जात आहेच कुठे. मी तिथे सिंदखेडराजाचा प्रश्न लिहिला. कुणी उत्तर दिले नाही, पण दोघींनी मला वेगळा निरोप पाठवला. त्यातल्या एकीचे घर तुला माहीत आहे, पण तिने स्वतः सांगितल्याशिवाय मी तिचे नाव सांगणार नाही.

तू म्हणालीस की कॉलेजच्या अर्जासाठीचा निबंध यावर लिहू का. हार्वर्डच्या निकालानंतरही आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते अर्जदाराने लिहिले तर चालते, हे तूच मला सांगितलेस. मला आधी वाटले, नको. मोठ्या आईचे विहिरीवर उभे राहणे तुझ्या अर्जाच्या कामी यावे हे मला रुचले नाही, कारण तू ते भोगलेले नाहीस. मग वाटले, ती तुझी पणजी आहे आणि तुला तिच्याबद्दल लिहिण्यापासून अडवणारी मी कोण? त्यामुळे लिही किंवा लिहू नकोस, मी दोन्हींत खूश आहे. लिहिलेस तर तुझे जे आहे तेच तुझे म्हण आणि तिचे तिच्या नावावर राहू दे. गावाविषयी आणि १९७८ विषयी राजामामाला फोन कर, तो रविवारी सकाळी मोकळा असतो. आणि त्याला फ्लॅटचेही विचार. तो ते माझ्यापेक्षा वेगळे सांगेल.

तुझी,
आई