कारच्या लायसन्सवर पिकअप चालवली, म्हणून क्लेम नाकारला

प्रश्न : माझी मालवाहू पिकअप आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये पुतण्या टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला जाताना एका मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला, आमच्या गाडीचंही तोंड चेपलं. पुतण्या 24 वर्षांचा, लायसन्स एलएमव्हीचं (हलक्या वाहनाचं), त्यावर ट्रान्सपोर्टची नोंद नाही. तेवढ्यावरून विमा कंपनीने गेल्या महिन्यात गाडीचा क्लेम फेटाळला. जखमीने केलेल्या दाव्यातही कंपनीचं तेच म्हणणं आहे. एजंट म्हणतो, बॅजवाला, म्हणजे ट्रान्सपोर्टची नोंद असलेला, दुसरा ड्रायव्हर दाखवा. शिवाय माझा मेव्हणा अशाच लायसन्सवर ट्रॅक्टर-ट्रॉलीने ऊस नेतो. आता काय करू?
(एक शेतकरी, जुन्नर तालुका)

उत्तर : आधी एजंटचं. दुसरा ड्रायव्हर मुळीच दाखवू नका. पोलिसांच्या फिर्यादीत, पंचनाम्यात पुतण्याचं नाव असणार. एक खोटा जबाब दिलात की बरोबर असलेला क्लेमही तुमच्याच हाताने बुडेल. आणि त्याची गरजही नाही, कारण लायसन्सच्या मुद्द्यावर कायदा तुमच्या बाजूने आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(21) मध्ये हलक्या वाहनाची व्याख्या आहे. तिच्यात फक्त कार नाही. ज्या मालवाहू गाडीचं ग्रॉस व्हेईकल वेट 7,500 किलोच्या आत आहे, तीही हलकं वाहनच. घोळ झाला तो कलम 10 मुळे. तिथे 1994 च्या दुरुस्तीनंतर लायसन्सच्या प्रकारांत ‘ट्रान्सपोर्ट व्हेईकल’ असा वेगळा वर्ग आला, आणि विमा कंपन्यांनी तो पकडून वर्षानुवर्षं छोटा हत्ती, पिकअप, टेम्पोवाल्यांचे क्लेम नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने मुकुंद देवांगन प्रकरणात 2017 सालीच सांगितलं होतं की अशा हलक्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही. कंपन्यांनी तो वाद पुन्हा उकरला. अखेर 6 नोव्हेंबर 2024 ला बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच मत कायम केलं. एलएमव्ही लायसन्सवाल्यांनी अशा गाड्या चालवल्यामुळे अपघात वाढतात, याची आकडेवारी कोणीही समोर ठेवली नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. इतकी वर्षं लोकांना हेलपाटे घालायला लावल्यावर निदान कंपन्यांकडे ती आकडेवारी तरी हवी होती, असं मला वाटतं.

तुमचा अपघात निकालाच्या आधीचा, असं कंपनीचा वकील म्हणेल. घाबरू नका. न्यायालयाने नवा नियम केलेला नाही, असलेल्या कलमाचा अर्थ सांगितलाय. शिवाय अपघाताच्या दिवशी 2017 चा निकाल लागू होताच.

आता आरसी काढा आणि ग्रॉस व्हेईकल वेट बघा. हा आकडा म्हणजे आरटीओने नोंदवलेलं गाडी आणि माल मिळून कमाल वजन. त्या दिवशी किती क्रेट भरले होते, यावर लायसन्सचा प्रश्न ठरत नाही. नेहमीची पिकअप 7,500 च्या खूपच खाली असते. आयशरसारख्या गाड्यांत मात्र मॉडेलनुसार काही आत बसतात, काही बाहेर जातात.

मला काळजी लायसन्सची नाही, फिटनेसची आहे. अपघाताच्या तारखेला फिटनेस सर्टिफिकेट चालू होतं का, ते आजच तपासा. ते संपलेलं असेल तर कंपनीला खरंखुरं हत्यार मिळतं. परमिटचं म्हणाल तर 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला कलम 66 खाली ते लागतच नाही. त्याच्या वर वजन असेल तर परमिटही शोधून ठेवा.

जखमीच्या दाव्यात गाडीमालक म्हणून तुम्हीही सामनेवाले आहात. बरेच मालक नोटीस आली की ‘कंपनी बघून घेईल’ म्हणून घरी बसतात, आणि तिथेच फसतात. कंपनीचा आक्षेप टिकला तर मोटार अपघात दावा प्राधिकरण ‘आधी कंपनीने जखमीला भरपाई द्यावी, मग ती मालकाकडून वसूल करावी’ असा आदेश देऊ शकतं. म्हणजे शेवटी सातबाऱ्यावर बोजा. तेव्हा वकील लावा, स्वतःची कैफियत (लेखी उत्तर) दाखल करा, सोबत लायसन्स, आरसी आणि पॉलिसीच्या प्रती जोडा आणि 2017 आणि 2024 च्या दोन्ही निकालांचा हवाला द्या. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा होता, हे सिद्ध करणं कंपनीचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्वरण सिंग प्रकरणात 2004 मध्येच ते स्पष्ट केलंय.

गाडीच्या नुकसानीसाठी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची. ‘गाडी धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असंही ऐकवतील. त्याला हर्सोलिया मोटर्स प्रकरणातला 2023 चा निकाल उत्तर आहे : विमा नुकसान भरून काढायला घेतात, नफा कमवायला नाही. मधल्या काळात कंपनी कदाचित क्लेमच्या 75 टक्के देऊ करेल. लायसन्स सोडून बाकी कागद चोख असतील तर तेवढ्यावर ‘फुल अँड फायनल’ची सही करायचं कारण नाही.

मेव्हण्याचं सोपं आहे. ट्रॅक्टरचं रिकामं वजन 7,500 किलोच्या आत असतं, म्हणून तोही हलकं वाहन. मागे ट्रॉली जोडली म्हणून लायसन्स बाद होत नाही, हे नागशेट्टी प्रकरणात 2001 मध्ये ठरलंय. पण ट्रॉलीची नोंदणी आणि पॉलिसीत तिचा उल्लेख आहे का, ते बघा. ऊस वाहतुकीत घोडं तिथेच अडतं. आणि पुतण्या मोटारसायकल चालवत असेल तर त्याला तिचं लायसन्स वेगळं काढायला लावा. एलएमव्हीवर पिकअप चालते, स्कूटीसुद्धा चालत नाही.