किट सांगतं दिवस राहिलेत, कुठे राहिलेत ते नाही सांगत

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी सत्तरी तालुक्यातली, वय २८, लग्नाला दोन वर्षं झाली. चवथीच्या आधी पाळी चुकली, घरी टेस्ट केली तर दोन रेघा आल्या, सगळे खूश. मग आठेक दिवसांनी चॉकलेटी डाग दिसायला लागले आणि उजवीकडे ओटीपोटात कळ यायची. सासूबाई म्हणाल्या वात धरला असेल, ओवा खा, सोलकढी पी. माटोळी (गणपतीच्या वरची फळांची चौकट) बांधायला हात वर केले आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली, पडले. मग हॉस्पिटल, गर्भ गर्भपिशवीत नाही, बीज पिशवीत नेणाऱ्या नळीत राहिला होता म्हणाले, ऑपरेशन, उजवी नळी काढली. आता घरचे म्हणतात नेवऱ्या (करंज्या) करायला तासन् तास खाली बसलीस, खड्ड्यांतून स्कूटर चालवलीस म्हणून झालं. खरंच माझ्यामुळे झालं का? तो गर्भ उचलून पिशवीत ठेवता आला नसता का? आणि एका नळीवर मूल होईल का?

उत्तर: ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा: तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. खाली बसल्याने, स्कूटरने, हात वर केल्याने गर्भ नळीत अडकत नाही, तो त्याच्या कितीतरी दिवस आधीच तिथे रुजलेला असतो.

होतं काय की स्त्रीबीज आणि शुक्रजंतू भेटतात ते मुळात नळीतच, सगळ्यांचंच तसं. मग नळीच्या आतली बारीक लव त्या गर्भाला हळूहळू ढकलत चार-पाच दिवसांत पिशवीत आणून सोडते. कधीकाळी ओटीपोटात इन्फेक्शन झालं असेल, टीबी होऊन गेला असेल, आधी नळीचं किंवा पोटाचं ऑपरेशन असेल, एंडोमेट्रिओसिस म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढत असेल, सिगारेटची सवय असेल तर ही लव खराब होते किंवा नळी आत चिकटते आणि गर्भ वाटेतच थांबतो. पण हेही सांगते की जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये शोधूनही कारण सापडत नाही. शंभर गरोदरपणांत एक ते दोन असे निघतात, आणि त्यातले ९० टक्क्यांहून जास्त नळीतच.

पिशवीची भिंत जाड, ताणणारी. नळी मात्र पेन्सिलएवढी, तिला ताणायला जागाच नाही, त्यामुळे सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमाराला ती फुटायची भीती असते आणि रक्त बाहेर न येता पोटात साठतं. म्हणून बाहेर डाग चार थेंब आणि आत लिटरभर रक्त असंही होतं, घरच्यांना वाटतं एवढंसंच तर जातंय.

एक लक्षण फारसं कुणाला माहीत नसतं. एका रात्री ड्युटीवर एक मुलगी आली होती, पोटाचं नावच काढेना, नुसता उजवा खांदा धरून बसलेली, आणि तपासायला आडवी केली की खांदा आणखीच दुखायचा, नाडी एकदम भरभर, तळहात गार. पोटातलं रक्त वर सरकून छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं, कारण दोघांची नस एकच. तिलाही पाळी चुकून सहा-सात आठवडे झाले होते. पाळी चुकलेली, एका बाजूला दुखणं, डाग, खांदा दुखणं, घेरी, सारखं शौचाला होईलसं वाटणं, यातली दोन जरी एकत्र आली तर ओव्याची बाटली बाजूला ठेवा आणि सरळ १०८ लावा. म्हापसा, मडगावचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते, पण रात्र काढायची नाही.

गर्भ उचलून पिशवीत ठेवायची सोय आज जगात कुठेच नाही, तेव्हा कुणी म्हणालं की डॉक्टरने घाई केली तर ते मनावर घेऊ नका. नळी फुटलेली असताना ती काढणं म्हणजे तुमचा जीव वाचवणं होतं.

आणि हो, मूल होऊ शकतं. डावी नळी चांगली असेल तर ती उजवीकडच्या बीजालाही उचलून घेऊ शकते. या त्रासातून गेलेल्या दहापैकी सहा-सात जणींना पुढच्या दीड-दोन वर्षांत व्यवस्थित दिवस राहतात. दोन पाळ्या नीट येऊ द्या, मन थाऱ्यावर येऊ द्या, मग प्रयत्न करा. परत असं व्हायची शक्यता मात्र साधारण १० टक्के राहते, म्हणून पुढच्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आली की पेढे वाटायच्या आधी, सहाव्या आठवड्यात, आतून सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना ते बघून घ्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाच्या रक्ताला तुमच्या शरीराने विरोध करू नये म्हणून देतात ते) दिलंय का तेही कागदावर बघा. आणि रडू येत असेल तर रडा ताई, सात आठवड्यांचं असलं तरी ते तुमचं मूलच होतं.

प्रश्न: माझ्या जावेलाही नळीत राहिलं होतं पण तिला नुसतं इंजेक्शन दिलं, ऑपरेशन नाही. असं का? (मडगाव)

उत्तर: कारण तिचं लवकर सापडलं. नळी फुटलेली नसेल, बीपी-नाडी ठीक असेल, सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसत नसतील आणि रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, फार वाढलेलं नसेल, बहुतेक ठिकाणी ५००० च्या आत धरतात, तर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन चालतं. त्याने गर्भाच्या पेशी वाढायच्या थांबतात आणि शरीर ते हळूहळू जिरवतं. पण इंजेक्शन घेतलं आणि सुटले असं नाही, चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचं, आकडा १५ टक्के तरी उतरला पाहिजे, नाहीतर परत डोस किंवा दुर्बिणीतून ऑपरेशन. मग आकडा शून्याच्या जवळ येईपर्यंत दर आठवड्याला फेऱ्या. म्हणून हॉस्पिटलपासून लांब राहणाऱ्या किंवा तपासणीला येणं जमणार नाही अशा बाईला मी स्वतः हे द्यायला कचरते. त्या काळात फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद, दारू बंद, संबंध नाहीत, आणि पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

प्रश्न: दुसरं मूल नको होतं म्हणून मेडिकलमधून गर्भपाताचं किट आणून घेतलं, रक्त गेलं, पण आठवडा झाला तरी पोट दुखतंय. (पेडणे)

उत्तर: तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ऑफिसातून तुम्हाला फोन केला, तुम्ही सोनोग्राफी करून आलात, पिशवीतच थोडं शिल्लक निघालं आणि आता बरं आहे, म्हणून तुमच्या परवानगीने छापतोय.

फोनची घाई का, तर त्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालतच नाहीत. पण पिशवीचं अस्तर सुटून रक्त जातंच, म्हणून बाईला वाटतं काम झालं, आणि आत नळीतला गर्भ वाढत राहतो. अशा बाईला डॉक्टरने आधी तपासलं असतं तर पिशवी रिकामी आहे हे कळलं असतं. कॉपर-टी असताना किंवा नसबंदीनंतर पाळी चुकली तर आणखी सावध राहायचं, दिवस राहायची शक्यता खूपच कमी असते पण राहिलेच तर नळीत असायची शक्यता जास्त, नसबंदीनंतर तर साधारण तीनातली एक. डॉक्टरकडे जाताना किटचं रिकामं पाकीट, शेवटच्या पाळीची तारीख आणि गोळ्या कधी घेतल्या ते लिहून न्या, आणि लाजून लपवू नका, गोळ्या घेतल्याचं कळलं तर आम्ही नळीकडे आधी बघतो.