बाइट आत्ता कुठे आहे?

सी प्रोग्राम लिहील ती ओळ सर्व्हरमार्फत लगेच ब्राउझरमध्ये दिसावी, या खटपटीचं तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वैताग आला, कारण चार परिच्छेदांत तू तीन लायब्रऱ्या बदलून पाहिल्यास आणि शेवटी विचारलंस, ‘मग वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली दुतर्फी जोडणी) लावू का?’ दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी थांबलो. टर्मिनलवर दर सेकंदाला ओळ येते. ब्राउझरमध्ये पावणेदोन मिनिटं शुकशुकाट आणि मग शंभरेक ओळी एकदम, शेवटची अर्धी तुटलेली. अरे, उत्तर तूच लिहून पाठवलंयस!

तुझी एक ओळ 40 बाइटची. सी प्रोग्रामचं आउटपुट टर्मिनलला जोडलेलं असतं तेव्हा ओळ संपली की ती बाहेर पडते. तेच पाइपला, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीला, जोडलं की स्टँडर्ड लायब्ररी साठवत बसते. लिनक्सवर ग्लिबसी, म्हणजे तिथली हीच लायब्ररी, पाइपसाठी 4096 बाइट साठेपर्यंत हलत नाही. आता 40 ने भाग. 102 ओळी पूर्ण, आणि 103व्या ओळीचे 16 बाइट. ही तुझी तुटकी ओळ. प्रोग्रामने प्रिंट केलं म्हणून ते बाहेर पडलं असं होत नाही; बाइट अजून त्याच्याच पोटात होता. सर्व्हरच्या हातात जे आलंच नाही, ते वेबसॉकेट काय डोंबल पाठवणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून एकच प्रश्न विचारायची सवय लाव: बाइट आत्ता कुठे आहे? ‘का येत नाही’ असं विचारलंस की मन अंदाज बांधत बसतं. ‘कुठे आहे’ विचारलंस की जाऊन बघावंच लागतं. प्रोसेसला एसट्रेस (प्रोग्राम सिस्टमकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन) लाव, फक्त राइट कॉल, म्हणजे लिहिण्याच्या मागण्या, बघ. दर सेकंदाला 40 दिसले तर प्रोग्राम निर्दोष. बराच वेळ काही नाही आणि मग एकदम 4096 दिसले, तर चोर सापडला. सोर्स हातात असेल तर प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश कर, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर ढकल. नसेल तर प्रोग्रामच्या आधी एसटीडीबफ (साठवणीची पद्धत बदलणारा कमांड) लाव. पण त्यावर विसंबून राहू नकोस. तो प्रीलोडच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये आधी आपली लायब्ररी घुसवण्याच्या, युक्तीवर चालतो. स्टॅटिक जोडलेला, म्हणजे लायब्ररी पोटातच घेतलेला, किंवा स्वतःची साठवण स्वतः ठरवणारा प्रोग्राम त्याला जुमानत नाही.

इथे थांबशील तर पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र लिहिशील. तुझ्या मशीनवर मध्ये एनजिनएक्स (अ‍ॅप आणि ब्राउझरच्या मध्ये उभा राहणारा प्रॉक्सी सर्व्हर) नाही, म्हणून पावणेदोन मिनिटांनी का होईना, काहीतरी दिसलं. तो असता तर मूळ सेटिंगनुसार 60 सेकंद काही आलं नाही म्हणून त्याने कनेक्शनच तोडलं असतं. शिवाय तो स्वतःही साठवतो. प्रॉक्सी बफरिंग मुळातच चालू असतं. तुझ्या उत्तरात ‘एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग’ हा हेडर ‘नो’ म्हणून पाठव, म्हणजे त्या उत्तरापुरतं ते बंद होईल. मजकूर दाबून लहान करणारं जीझिपही बघ, दाबायला जमेल इतका माल जमवायची त्याला खोड असते. कर्लला (टर्मिनलवरून वेब पत्ता मागवणारं साधन) ‘मायनस एन’, म्हणजे ‘साठवू नकोस’, देऊन आधी थेट अ‍ॅपला विचार, मग एनजिनएक्समधून विचार. पहिल्यात ओळी वाहतात आणि दुसऱ्यात तुंबतात? मग बाइट कुठे आहे ते मी सांगायला नको.

हे एवढं ठासून का सांगतोय? कारण मी स्वतः तो प्रश्न आठ महिने विचारला नाही.

एका सहकाऱ्याचा प्रोग्राम यंत्रावरचे आकडे वाचायचा, माझा सर्व्हर ते पडद्यावर दाखवायचा. काही दिवस सुरळीत चालायचं आणि मग सगळं गोठायचं. सीपीयू शून्य, एरर नाही, प्रोसेस जिवंत. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, ‘तुझा प्रोग्राम अडकतो.’ तो बिचारा आपला कोड तपासत बसला. मी रोज पहाटे प्रोसेस मारून पुन्हा सुरू करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला आणि त्याला ‘उपाय’ म्हणू लागलो. खरी गोष्ट अशी होती: त्याच्या प्रोग्रामच्या स्टँडर्ड एररला, म्हणजे वॉर्निंग आणि एरर जिथे जातात त्या वेगळ्या वाटेला, मी पाइप जोडला होता आणि तो कधी वाचतच नव्हतो. लिनक्सच्या पाइपमध्ये साधारण 65,536 बाइट मावतात. किरकोळ वॉर्निंग साचत साचत पाइप भरला की पुढच्या राइटला प्रोग्राम उभ्या जागी थिजायचा. अडकवत होतो मी. कळलं तोवर तो नोकरी सोडून गेला होता.

तेव्हा मुदत डोक्यावर होती, आणि क्रॉनमुळे पडदा चालू राहिला, हेही खरं. मी नसता लावला तर काम बंदच पडलं असतं. हे मी अजूनही म्हणतो आणि म्हणताना अजूनही नीट वाटत नाही. असो. तू स्टँडर्ड एरर वाच, नाहीतर फाइलकडे वळव. पाइप जोडून बेवारस सोडू नकोस.

आता उलटी बाजू, जी तू विचारलीच नाहीस. प्रोग्राम भराभर लिहितोय आणि बघणाऱ्याचं नेटवर्क रडतखडत चाललंय. बाइट कुठे आहे? तुझा सर्व्हर ज्यावर चालतो त्या नोडच्या (नोड.जेएस) मेमरीत. राइटने ‘फॉल्स’ दिलं, म्हणजे ‘जरा थांब, ड्रेन होऊ दे’ असं तो सांगतोय. तू ऐकलं नाहीस तर मेमरी फुगत जाते. थांबलास तर दाब मागे पाइपपर्यंत जातो आणि प्रोग्रामच थांबतो. एक प्रोसेस आणि दहा बघणारे असतील तर एका रखडणाऱ्यापायी बाकीचे नऊ का ताटकळावेत? तापमानासारखे आकडे असतील तर त्या एकट्यासाठी जुने टाकून दे, ताजा पाठव. हिशेबाच्या नोंदी असतील तर एकही टाकता येणार नाही. हा निर्णय तुझा आहे, लायब्ररीवर ढकलू नकोस.

बघणाऱ्याने टॅब बंद केला, तर? प्रत्येकासाठी वेगळी प्रोसेस काढत असशील तर ‘क्लोज’ ऐकून ती मार, तिच्या पोरांसकट. नाहीतर कोणी वाचत नसलेले बाइट रात्रभर तयार होत राहतील. आणि मराठी मजकूर पाठवशील तेव्हा लक्षात ठेव, यूटीएफ-8 मध्ये देवनागरीची एकेक खूण 3 बाइटची असते आणि 4096 ला 3 ने भाग जात नाही. तुकड्याच्या टोकाला ‘क’ फुटून चौकटी दिसतील. नोडचा स्ट्रिंग डीकोडर लाव, उरलेले बाइट तो पुढच्या तुकड्यासाठी सांभाळतो.

वेबसॉकेटचं म्हणशील तर तुझा डेटा एकाच दिशेने जातो. सर्व्हर-सेंट इव्हेंट पुरे आहेत: ‘डेटा’ आणि कोलन, मग मजकूर, मग एक रिकामी ओळ. तुटलं तर ब्राउझर आपण होऊन पुन्हा जोडतो. बराच वेळ सांगण्यासारखं काही नसेल तर दर 15 सेकंदांनी नुसत्या कोलनने सुरू होणारी एक ओळ सोड, म्हणजे मधल्या कोणाला कनेक्शन मेलंय असं वाटणार नाही. हे मी हट्टाने सांगतोय, हट्टी आहेच मी.

एसट्रेसच्या वीस ओळी आणि दोन्ही कर्लचं आउटपुट वेळांसकट पाठव. तोवर चौथी लायब्ररी उतरवू नकोस.