ट्रायल मारताना नेमकं काय बघायचं?

(दुचाकी घेणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना साताऱ्याच्या एका गॅरेजवाल्याची उत्तरं)

प्रश्न : दादा, मी माध्यमिक शिक्षक आहे, वय 46. शाळा घरापासून 22 किलोमीटर. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 चालवून पाहिली, त्याच्या पुढच्या आठवड्यात होंडाची हायनेस सीबी350 पाहिली. दोन्ही आवडल्या आणि आता काही ठरेना. मुलगा म्हणतो क्लासिक, मेव्हणा म्हणतो होंडा. तुम्ही सांगा. – एक वाचक, कराड

उत्तर : सर, राग मानू नका, पण दोन्ही सारख्याच आवडल्या म्हणजे एकही नीट चालवलेली नाही. शोरूमवाला किल्ली देतो, मागं एक पोरगं बसवतो आणि पुढच्या चौकातून वळून या म्हणतो. तेवढ्यात गाडीचा आवाज कळतो, बाकी काही नाही. त्यात तुमच्या दोन फेऱ्यांत आठवड्याचं अंतर. पहिलीचा क्लच हाताला कसा लागत होता, हे आज आठवतंय का?

दोन्हीकडे फोन करून एकाच सकाळची वेळ घ्या. मधला वार निवडा, शनिवार-रविवारी त्यांना तुमच्याकडं बघायला सवड नसते. लायसन्स आणि स्वतःचं हेल्मेट घ्या, पायात शाळेत घालता तेच बूट. वहिनी मागं बसणार असतील तर त्यांनाही न्या. रस्ता तुम्ही ठरवा, दोन्ही गाड्यांना तोच. थोडा हायवे, थोडा गावातला, एखादा चढ आणि खड्डे असलेला एक तुकडा.

आता कागदावरचं बघू. दोन्हींची ताकद वीस बीएचपीच्या आसपास. क्लासिकचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 27 न्यूटन मीटर, इंजिन मिनिटाला 4000 फेरे (आरपीएम) घेतं तेव्हा. होंडाचा 30, तोही 3000लाच. हे वाचून वाटतं की सावकाश चालवताना होंडाच जास्त ओढणार. पण होंडाचे गिअर लांब टाकलेत, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं आणि हळू चालताना कुरकुरू शकतं. तुमच्या भागात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं लागायची वेळ रोजचीच. तिथं तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीस-तीसच्या वेगानं चला आणि गिअर न पाडता हळूच रेस द्या. जी गाडी कुरकुर न करता पुढं सरकते, तिच्यावर तुमचा डावा पाय कमी दमणार. माझ्या हाताला इथं क्लासिक बरी वाटते.

आता वजन. क्लासिक 195 किलो, हायनेस 181. चालत्या गाडीवर हे 14 किलो जाणवतसुद्धा नाहीत. जाणवतात ते शाळेच्या शेडमधून गाडी पाय मारत मागं काढताना. म्हणून इंजिन बंद करा आणि जरा उतारावर तोंड करून लावलेली गाडी बसल्या बसल्या मागं ढकलून बघा. ट्रायल घेणाऱ्यांपैकी कुणीही हे करत नाही, आणि पुढं गुडघा धरून गॅरेजला येतात!

हायवेवर सत्तर-ऐंशीला आरशात बघा. मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत असेल तर थरथर तुम्हाला सोसण्यातली आहे. आरसा नुसताच धुरकट दिसत असेल, तर 22 किलोमीटर जाऊन फळ्यावर लिहिताना बोटं मुंग्या आल्यासारखी होतील.

वहिनींना मागं बसवून एकदा स्पीडब्रेकरवरून न्या आणि उतरल्यावर फक्त एवढंच विचारा, हात कुठं धरला होता? मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी हे नियमातच आहे, पण प्रत्येक गाडीवर ते हाताला सारखं येत नाही. वहिनींचं उत्तर तुमच्या मेव्हण्याच्या मतापेक्षा वजनदार धरा.

आणखी एक. ट्रायलची गाडी म्हणजे धर्मशाळेतली चादर, कोण कसं वापरून गेलं सांगता येत नाही. एकीची चेन सैल, दुसरीच्या टायरात हवा जास्त, की लगेच आपण म्हणतो ही कंपनी खडखडते आणि ती उडते. निघायच्या आधी हवा तपासून मागा. चेन बोटानं वर-खाली करून बघा. चेन फार लोंबत असेल तर गिअरच्या धक्क्याचा दोष कंपनीला देऊ नका.

माझं मत विचाराल तर रस्ता बहुतेक हायवेचा असेल तर होंडा, गावातून आणि खड्ड्यांतून असेल तर क्लासिक. फक्त एक चौकशी आधी करा. हायनेस ही होंडाच्या कुठल्याही शोरूमला मिळत नाही, बिगविंग या त्यांच्या मोठ्या गाड्यांच्या वेगळ्या शोरूमलाच मिळते. सर्व्हिसिंगसाठी तुम्हाला किती लांब जावं लागेल ते बघा. शाळा बुडवून जावं लागणार असेल तर मेव्हण्याला गप्प बसवा.

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. उंची पाच फूट एक इंच. मला मोटरसायकलच हवी आहे, पण शोरूममध्ये ट्रायल भावाला दिली आणि मला स्कूटर दाखवायला लागले. – एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, दुसऱ्या शोरूमला जा. पैसे तुमचे, लायसन्स तुमचं, मग किल्ली भावाच्या हातात कशाला? फोनवरच सांगा की ट्रायल मी घेणार आहे, आणि भावाला घरीच ठेवा.

सीटच्या उंचीचा आकडा वाचून घाबरू नका आणि भुलूही नका. स्प्लेंडर प्लसची सीट 785 मिलिमीटर, टीव्हीएस रेडरची 780. पाच मिलिमीटरनं काही होत नाही. खरा फरक सीटच्या पुढच्या रुंदीनं पडतो. सीट पुढं रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला कमी पोचतात. तेव्हा टेपनं मोजू नका, बसून बघा. दोन्ही तळवे सपाट टेकलेच पाहिजेत असं नाही. एक पाय पूर्ण टेकला आणि दुसरा ब्रेकवर राहिला तरी गाडी सांभाळते. स्प्लेंडर 112 किलोची आहे, रेडर 123. हा फरक मात्र मेनस्टँडला लावताना हातात घेऊन बघा. ट्रायलमध्ये एकदा तरी चढावर थांबून पुन्हा निघा आणि अरुंद रस्त्यात पाय न टेकता यू-टर्न मारा. तो जमला की बाकीचं सवयीनं येतं.

प्रश्न : ट्रायलमध्ये मायलेज कसं ओळखायचं? – एक वाचक, लातूर

उत्तर : ओळखता येत नाही. मीटरवर दिसणारा आकडा तेवढ्यापुरता असतो. कंपनी सांगते तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगानं चालवून काढलेला. तिथं ना घाट, ना मागं बसलेली दोन पोरं. तुमच्या गल्लीत तीच गाडी वापरणारा शोधा आणि त्याला टाकी फुल्ल करून पुन्हा फुल्ल केल्यावर किती पडलं ते विचारा.

प्रश्न : जुनी पल्सर 150 घेतोय. मालक म्हणतो ट्रायल मारून बघ. काय बघू? – एक वाचक, वाई

उत्तर : तू पोचायच्या आधी त्यानं ती चालू करून ठेवली नाही ना, हे पहिलं बघ. इंजिनाजवळ हात ने. गरम लागलं तर चहा पी, गप्पा मार, थंड होऊ दे. थंड इंजिनच खरं बोलतं. सेल्फला किती वेळ घेते, टपटप आवाज येतो का, आणि गरम झाल्यावर रेस दिली की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते बघ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग भाव पाड किंवा घरी जा. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओला पट्टा आहे का बघ. मागच्या चक्राचे दाते टोकदार झाले असतील तर चेनसेट तुझ्या खिशातून जाणार.

रस्त्यावर काढायच्या आधी विमा चालू आहे का विचार. मालकाच्या भरवशावर बिनविम्याची गाडी चालवू नकोस. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघ. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (हरकत नसल्याचा दाखला) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही तुझ्यासमोर घे.