'विका' हा शब्द 'वाइज' म्हणजे शहाणा यावरून आला आहे का?

नाही, 'विका' (Wicca) या जादूटोणा मानणाऱ्या आधुनिक पंथाच्या नावाचा 'वाइज'शी संबंध नाही. ते जुन्या इंग्रजीतल्या 'विच्चा' या शब्दावरून घेतलं आहे आणि त्याचा अर्थ जादूटोणा करणारा पुरुष. तशी बाई म्हणजे 'विच्चे'. आजचा 'विच' म्हणजे चेटकीण हा शब्दही याच घरातला. त्या काळी दोन 'सी' (cc) लिहून 'च्च' म्हणत, आपण आज ते नव्या इंग्रजीच्या सवयीने 'क' वाचतो, म्हणून हे नातं चटकन लक्षात येत नाही. इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या नवव्या शतकातल्या कायद्यांत हा शब्द अनेकवचनी रूपात आढळतो, तोही मंत्रतंत्र करणाऱ्यांना थारा देणाऱ्या बायकांना जिवंत ठेवू नका अशा कडक कलमात. तिथे शहाणपणाचा मागमूस नाही. शहाण्यासाठी जुन्या इंग्रजीत 'वीस्' हा वेगळा शब्द होता, त्याचा पुढे 'वाइज' झाला.

मग हा समज पसरला कुठून? हा पंथ लोकांपुढे आणणारे ब्रिटिश लेखक जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात पंथातल्या मंडळींना एकाच 'सी'ने 'विका' म्हटलं आणि अर्थ दिला 'शहाणे लोक'. अनुयायांना तो भावला यात नवल नाही, पण व्युत्पत्ती म्हणून तो टिकत नाही. पंथाचं नाव म्हणून 'विका' रूढ झालं ते त्यानंतर, १९६० च्या दशकात.

एक मात्र खरं, 'विच्चा'च्याही मागचा मूळ धातू कोणता, यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही.