बोट केंद्राची, डिझेल कुणाचं?

प्रश्न असा आहे की सीमेचं रक्षण हे केंद्राचं काम, मग महाराष्ट्राने सागरी पोलिसांवर स्वतःच्या तिजोरीतून पैसे का घालायचे. कागदावर तुमचं बरोबर आहे. संरक्षण केंद्राच्या यादीत, शिवाय बाहेरच्या आक्रमणापासून राज्यांना वाचवणं केंद्राचं कर्तव्य आहे असं सांगणारं राज्यघटनेचं कलम 355 आहेच. पण पोलीस हा विषय राज्याचा, आणि सगळी गोची तिथे आहे, कारण सीमेवर उभा असलेला माणूस पोलीस धरायचा की केंद्राचा जवान यावर बिल कुणाच्या नावाने फाटणार ते ठरतं.

जमिनीवर हा घोळ 1965 ला बराचसा मिटला. त्याआधी पाकिस्तान सीमेवर मुख्यतः राज्यांचे सशस्त्र पोलीस असायचे, एप्रिलमध्ये कच्छच्या सरदार पोस्टवर हल्ला झाला आणि 1 डिसेंबरला बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) उभी राहिली, पगारापासून बुटांपर्यंत केंद्राची. किनाऱ्यालगतच्या समुद्रात असं पूर्णपणे कधी झालंच नाही. 1993 ला रायगडात शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, तरी किनारा सुरक्षा योजना यायला 2005-06 उजाडलं. त्यात ठाणी बांधायला, बोटींना, गाड्यांना पैसे केंद्राचे, इंधन-दुरुस्तीलाही पाच वर्षं केंद्राची मदत, आणि माणसं राज्याची. बोटी हातात यायला लागल्या 2009 मध्ये, म्हणजे 26/11 होऊन गेल्यावर, काय बोलायचं!

आता मेख बघा, पाच वर्षं संपली की पुढे काय? लग्नात कुणी मोठा फ्रिज आहेर दिला तरी लाइट बिल आपल्यालाच येतं, तसं हे. वेगवान बोट पळवली की डिझेल पिते, खाऱ्या पाण्याने इंजिन खराब होतं, बुडाला कालवं धरतात ती खरवडायला बोट वर काढावी लागते, पार्ट वेळेवर मिळत नाही. पावसाळ्यात छोट्या बोटी तशाही बाहेर काढता येत नाहीत. राज्याच्या बजेटमध्ये 'पेट्रोल, तेल, वंगण' असं एक शीर्ष असतं, ठाण्याच्या जीपचं डिझेलही त्याच प्रकारच्या खर्चात मोडतं, मग फेब्रुवारीत तरतूद संपत आली की आधी काय थांबणार? जीप थांबली तर गावात बोंब होते, समुद्रात गस्त झाली नाही तर कुणाला कळतंय!

पण राज्यंही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. सारंग म्हणजे बोट हाकणारा, इंजिन ड्रायव्हर, खलाशी ही माणसं लागतात, त्यांच्या जागा भरायच्या नाहीत, आणि ज्याला बोटीत बसलं की मळमळतं अशा घाटावरच्या हवालदाराला सागरी ठाण्यात टाकायचं, त्याला ती शिक्षाच वाटते. मग केंद्र म्हणतं बोटी दिल्या त्याच वापरत नाहीत, आणि राज्य म्हणतं पैसे द्या मग वापरतो.

अमेरिकेत उलटा प्रकार झाला. टेक्सास राज्याने मार्च 2021 पासून मेक्सिको सीमेवरची घुसखोरी रोखायला 'ऑपरेशन लोन स्टार' स्वतःच्या पैशाने चालवलं आणि जानेवारी 2025 ला गव्हर्नर ॲबट यांनी केंद्राकडे साधारण 11 अब्ज डॉलर परत मागितले, जुलैमध्ये झालेल्या कायद्यात अशा राज्यांसाठी 10 अब्जांचा निधी ठेवला गेला. आपल्याकडे राज्याने केंद्राला असं बिल लावल्याचं ऐकलंय का कधी? इथे राज्याने सीआरपीएफ, म्हणजे केंद्राचं राखीव पोलीस दल, मागवली तर सर्वसाधारणपणे केंद्रच राज्याला बिल लावतं.

केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या वित्त आयोगाचंही सांगतो, कारण पुढचं भांडण तिथेच आहे. 2019 ला पंधराव्या आयोगाला संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वेगळी निधी व्यवस्था हवी का हे बघायला सांगितलं, आयोगाने 2021-26 साठी सुमारे 2.38 लाख कोटींचा फंड सुचवला. राज्यांना भीती ही की वाटपाच्या रकमेतूनच आधी कापून घेतील, म्हणजे केंद्राच्या कामाचा खर्च राज्यांच्या खिशातून. ही भीती मला रास्त वाटते, सेस-सरचार्ज म्हणजे करावर केंद्र जो जादा आकार लावतं, त्यातला वाटा राज्यांना तसाही मिळत नाही.

मला विचाराल तर केंद्र-राज्याचा खर्चाचा वाटा 60:40 की 90:10 यावर वाद घालून उपयोग नाही. बोट देतानाच ती भंगारात जाईपर्यंतचं डिझेल आणि दुरुस्ती केंद्राने उचलावी, माणसं आणि त्यांचं ट्रेनिंग राज्याने बघावं, आणि केंद्राच्या पैशांचा पुढचा हप्ता बोट समुद्रात किती तास होती त्या लॉगबुकवरून सुटावा. सध्याच्या युटिलायझेशन सर्टिफिकेटमधून पैसे खर्च झाले एवढंच कळतं, बोट जेटीवरून हलली का ते कळत नाही.