मातीतून निघालेला धातू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लिंकनशर येथे राहतो आणि शेतमालकाच्या लेखी परवानगीने मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतांतून फिरतो. एका शेतात पितळेसारखी, सुमारे चार सेंटीमीटर व्यासाची पोकळ गोल वस्तू मिळाली. तिला वर कडी आहे, खाली फट आहे आणि अंगावर ‘आर. डब्ल्यू.’ अशी इंग्रजी आद्याक्षरे आहेत. तिथेच शिशाची एक चपटी चकतीही मिळाली, तिच्यावर रशियन लिपीतली वाटणारी अक्षरे आहेत. दुसऱ्या ठिकाणी यंत्राने पडद्यावर चांदीचा समजला जाणारा आकडा दाखवला, पण निघाला गंजलेला पत्रा. या दोन वस्तू कोणत्या आणि यंत्र असे का फसते?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : पहिल्या वस्तूविषयी फारशी शंका उरत नाही. ती घोड्याच्या किंवा गुराढोरांच्या साजाला बांधायची ओतीव घंटी आहे. तिकडे तिला ‘क्रॉटल’ म्हणतात आणि तिचे काम आपल्याकडच्या घुंगुरमाळेचेच असते. ही आद्याक्षरे सहसा विल्टशरमधील ऑल्डबर्न येथील रॉबर्ट वेल्स यांच्या ओतशाळेची समजली जातात, म्हणजे वस्तू अठराव्या शतकातली असावी. घंटी हलवून पाहावी. आतली गोळी बहुधा लोखंडाची असते आणि ती गंजून चिकटली असेल तर आवाज येणार नाही. बाहेरचा धातू तांब्याच्या मिश्रणाचा असूनही चुंबक किंचित ओढला जातो, तो या गोळीमुळे. आवाज यावा म्हणून फटीतून तार घालून ती सोडवण्याचा मोह मात्र टाळावा.

चकती म्हणजे मालाच्या गठ्ठ्याला लावलेले शिशाची मोहर (सील) असावी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात बाल्टिक समुद्राकडून ब्रिटनमध्ये जवसाचा आणि भांगेच्या झाडाचा (हेम्प) धागा मोठ्या प्रमाणात येत असे. माल तपासल्याची खूण म्हणून रशियात गठ्ठ्यांना अशी मोहर लावत. ती शेतात कशी पोहोचली असेल, याचे एक पटणारे उत्तर असे की, कारखान्यातला टाकाऊ धागा आणि चिंध्या खतात मिसळून रानात पसरल्या जात आणि त्यांच्याबरोबर मोहराही जात. चकतीवरची अक्षरे आणि वर्षाचे आकडे तिरप्या उजेडात छायाचित्र काढल्यास अधिक स्पष्ट दिसतील.

यंत्राच्या आकड्याला धातूचे नाव समजणे हीच मुळात चूक आहे. यंत्राच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, त्यामुळे धातूत भोवरा प्रवाह (गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद किती मागे पडतो यावरून आकडा ठरतो. त्यात धातूची वाहकता, आकार आणि जाडी हे सारे एकत्र मिसळलेले असते. म्हणूनच सोन्याची बारीक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याचे झाकण उघडायची ॲल्युमिनियमची कडी जवळपास सारखाच आकडा देतात, तर मोठा, चपटा, गंजलेला लोखंडी तुकडा चांदीची बतावणी करतो.

दोन्ही वस्तू आपल्या भागातील फाइंड्स लायझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला) दाखवाव्यात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या आणि ब्रिटिश संग्रहालयाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज योजनेत त्यांची नोंद होऊ शकेल. त्यांपैकी एकही ‘ट्रेझर’ (मौल्यवान ठेवा) या कायदेशीर व्याख्येत बसत नाही. मात्र तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू मिळाल्यास, १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्याची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) कळवणे बंधनकारक आहे. नोंदीत सापडल्याची नेमकी जागा लिहायला विसरू नये. आपल्याच लिंकनशरमध्ये नॉर्टन डिस्ने येथे २०२३ मध्ये बारा बाजूंची, पोकळ रोमन वस्तू उत्खननात निघाली. वायव्य युरोपात अशा शंभराहून अधिक वस्तू मिळूनही त्यांचा उपयोग कोणालाच ठामपणे सांगता आलेला नाही. नॉर्टन डिस्नेच्या वस्तूला अभ्यासक विशेष मोल देतात, कारण ती कोणत्या खड्ड्यात आणि कोणत्या खापरांसोबत होती हे माहीत आहे.

प्रश्न : आमचे शेत एका किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. नांगरताना लोखंडी गोळा निघाला. त्याचा व्यास साडेआठ सेंटीमीटर आणि वजन २ किलो २०० ग्रॅम भरले. हा तोफगोळाच असे सगळे म्हणतात. माझा भाचा डिटेक्टर आणून किल्ल्यावरही शोध घेऊ या म्हणतो. मार्गदर्शन करावे.
— एक शेतकरी, सातारा जिल्हा

उत्तर : सर्वप्रथम गोळ्यावर छिद्र, बूच किंवा बूच बसवल्याची खूण आहे का, हे न हलवता पाहावे. तसे काही दिसल्यास तो पोकळ, दारू भरलेला गोळा असू शकतो आणि ती दारू जुनी असली तरी निकामी झाली असे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी सर्वांनी दूर व्हावे आणि ११२ वर कळवावे. तापवणे, भोक पाडणे, ग्राइंडर लावणे हे प्रकार कोणत्याही गोळ्याच्या बाबतीत करू नयेत.

आपण व्यास आणि वजन दोन्ही कळवले, हे फार चांगले झाले. भरीव ओतीव लोखंडाच्या गोळ्याचे वजन काढण्यासाठी सेंटीमीटरमधल्या व्यासाचा घन करून त्याला ३.७७ ने गुणले की ग्रॅम मिळतात. आपल्या गोळ्यासाठी हा आकडा सुमारे २ किलो ३०० ग्रॅम येतो. प्रत्यक्ष वजन जेमतेम शंभर ग्रॅमने कमी आहे आणि गंजाचे पापुद्रे सुटल्याने तेवढी घट होतेच. म्हणजे गोळा भरीव आहे, कारण पोकळ असता तर वजन बरेच खाली आले असते.

पण भरीव गोळा म्हणजे तोफगोळाच, असे नव्हे. सिमेंट आणि खनिज दळणाऱ्या गिरण्यांतही असे गोळे वापरतात आणि ते भंगारातून कुठेही पोहोचतात. पोलादाचा असता तर याच आकाराचा गोळा अडीच किलोच्या आसपास भरला असता. गोळाफेकीचे स्पर्धेतले गोळे ३, ४, ५, ६ आणि ७.२६ किलोचे असतात, त्यामुळे शाळेच्या मैदानावरून आलेला गोळा हीही शक्यता मागे पडते. ओतीव गोळ्यावर साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्याची रेघ दिसू शकते. आपल्याकडे लोखंड ठोकून घडवलेले गोळेही वापरात होते आणि त्यांच्यावर हातोड्याचे चपटे ठसे राहतात. अशी रेघ किंवा ठसे आढळले, तर गावकऱ्यांचे म्हणणे खरे मानायला हरकत नाही. कोणत्या तोफेचा, हे विचारू नये. ब्रिटिश तोफांचे व्यास ठरावीक होते, आपल्या गडांवरच्या तोफांचे तसे नव्हते.

भाच्याला मात्र स्पष्ट नकार द्यावा. संरक्षित किल्ल्यावर परवान्याशिवाय खोदकाम करणे १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय खड्डा खणून काढलेला गोळा तिथल्या लढाईविषयी काहीच सांगत नाही. तो कोणत्या तटाखाली, कोणत्या थरात होता, हे त्या खड्ड्यासोबतच नष्ट होते.

प्रश्न : विहिरीच्या गाळात तांब्याचे हिरवे पडलेले नाणे सापडले. ‘श्री’ आणि ‘राजा’ एवढे वाचता येते. चिंचेने घासून स्वच्छ करू का?
— एक वाचक, पैठण

उत्तर : नको. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी हिरवा थर जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. साध्या पाण्याने माती धुऊन नाणे पूर्ण वाळवावे आणि कोरड्या डबीत ठेवावे. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो क्षारांमुळे चालू असलेला गंज आहे आणि तिथे संग्रहालयातील संवर्धकाचीच मदत घ्यावी.

नाणे शिवराई असण्याची शक्यता मोठी आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. ठसा मोठा आणि नाणे लहान असल्याने सगळी अक्षरे क्वचितच उमटतात. सुरुवातीच्या शिवराईचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम असते. पेशवाईतल्या दुदांडी शिवराईवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेषा असतात. एकच नाणे असो वा हंडा, जमिनीत दडलेल्या आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यात आहे, म्हणून गाळात आणखी नाणी दिसल्यास उपसा थांबवून कळवावे. वजन आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवल्यास नाणे दुदांडी की त्याआधीचे, हे सांगणे सोपे होईल.